गणिताचा गृहपाठ आणि मोबाइल: पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

सातवी ते दहावीला गणित शिकवते म्हटल्यावर शाळेच्या फाटकाशी, पालकसभेनंतर, कधी भाजीच्या दुकानात तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. बहुतेक उत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या पुस्तकांना धरून आहेत. पुस्तकात चलासाठी इंग्रजी एक्स असतो, इथे सोयीसाठी क्ष लिहिला आहे. आजोबा मंडळींना तो ओळखीचाच आहे.

मुलगा गणिताला बसला की लगेच मोबाइल मागतो. द्यावा का?

द्यावा, पण बसल्या बसल्या नाही. आधी वहीत काहीतरी मांडलेलं दिसलं पाहिजे: दिलेलं काय, काढायचं काय आणि निदान एखादी पायरी. ती चुकीची असली तरी चालेल.

याला कारण आहे. अडलंय कुठे हेच माहीत नसलेलं मूल फोनवर आख्खं गणित टाकतं आणि आख्खं उत्तर उचलतं. ज्याने दोन पायऱ्या केल्या आहेत त्याचा प्रश्न वेगळा असतो: "अवयव पाडायचेत, पण मधल्या पदाची फोड जमत नाही." अशा प्रश्नाचं उत्तर नेटवर पाच मिनिटांत सापडतं, आणि सापडलं की ते डोक्यात राहतं. फोन तोच आणि नेटही तेच, फरक पडतो तो वहीतल्या त्या दोन ओळींनी.

सुरुवात कोणत्या साइटपासून करावी?

पुस्तकापासून. चेष्टा नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, त्यामुळे "पुस्तक वर्गात राहिलं" ही सबब आता चालायची नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर दीक्षा हे सरकारी शिक्षण अ‍ॅप धरलं की त्या पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं. दर्जा सगळीकडे सारखा नाही, काही व्हिडिओ चांगले आहेत, काही नुसतेच पुस्तक वाचून दाखवतात. पण अभ्यासक्रम तरी आपलाच असतो.

दुसरं म्हणजे, पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते. ती उघडून न पाहिलेले पालक मला दरवर्षी भेटतात. आणि सरावसंचातली बरीचशी गणितं त्याच्या आधीच्या सोडवलेल्या उदाहरणांच्या धर्तीवरच असतात. दोन पानं मागे उलटली तर अनेकदा नेटची गरजच पडत नाही.

त्यानंतर खान अकादमी. सलमान खान (नट नव्हे, अमेरिकेतले शिक्षक) यांनी २००४ मध्ये नात्यातल्या एका लहान बहिणीला दुरून गणित शिकवायला घेतलं, त्यातून पुढे २००८ मध्ये ही संस्था उभी राहिली. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, मराठीतही साहित्य आहे. मला त्यातल्या व्हिडिओंपेक्षा सरावप्रश्न जास्त आवडतात. उत्तर चुकलं तर तिथल्या तिथे कळतं आणि एकेक पायरीचा इशारा मागता येतो. आठवीत येऊन अपूर्णांक कच्चे असलेल्या मुलाला गुपचूप पाचवीच्या पातळीवर जाऊन सराव करता येतो. वर्गात सगळ्यांसमोर त्याला ते जमलं नसतं.

यूट्यूबवर एकाच प्रकरणाचे शेकडो व्हिडिओ येतात. कोणता बघायचा?

तीन गोष्टी तपासा: बोर्ड, साल, पद्धत.

बोर्ड सगळ्यात महत्त्वाचं. हिंदीतले खूप बघितले जाणारे बहुतेक व्हिडिओ सीबीएसईसाठी म्हणजे एनसीईआरटीच्या पुस्तकावर असतात. गणित तेच असलं तरी वाटणी वेगळी आहे. आपल्या दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणं सोडवायला क्रेमरची निश्चयक पद्धत आहे, अर्थनियोजनाचं प्रकरण आहे. भूमितीत अपोलोनियसचं प्रमेय आहे, निर्देशक भूमितीत रेषेचा चढ आहे. सीबीएसईच्या दहावीत हे नाही. मग मूल "पूर्ण चॅप्टर एका व्हिडिओत" असं काहीतरी बघतं, समाधानाने झोपतं, आणि चाचणीत चढावरचा प्रश्न बघून म्हणतं, "हे तर शिकवलंच नव्हतं." गोव्यातल्या पालकांना ही अडचण नाही, तिथे नववी-दहावीला एनसीईआरटीचंच पुस्तक चालतं.

साल का बघायचं? दहावीचं सध्याचं पुस्तक २०१८ पासूनचं आहे. त्याआधीचा व्हिडिओ "एसएससी बोर्ड" म्हणत असला तरी जुन्या पुस्तकाचा असतो. लहान इयत्तांची नवी पुस्तकं २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने यायला लागली आहेत, त्यामुळे धाकट्यासाठी शोधताना हे आणखी जपायला हवं. थोरल्याच्या वेळचा जपून ठेवलेला व्हिडिओ धाकट्याला लागू पडेलच असं नाही.

पद्धतीसाठी माझी कसोटी साधी आहे. शिकवणारा माणूस "हे असं का केलं" हे एकदा तरी सांगतो का? "ही ट्रिक लक्षात ठेवा, दोन सेकंदांत उत्तर" म्हणणारे व्हिडिओ स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी ठीक. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे तिथे दोन सेकंदांतलं उत्तर उपयोगाचं नाही.

मुलगी सेमी इंग्रजीत आहे. शोधायचं मराठीत की इंग्रजीत?

दोन्हीत. मराठीत शोधलं की आपल्या बोर्डाचं सापडतं, इंग्रजीत शोधलं की जास्त सापडतं. नेहमी अडणाऱ्या काही जोड्या देते: अवयव म्हणजे फॅक्टर, पदावली म्हणजे एक्स्प्रेशन, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमियल, करणी म्हणजे सर्ड, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, महत्त्वमापन म्हणजे मेन्सुरेशन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड. बाकीच्यांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत.

अमेरिकेतल्या साइटवर गेल्यास समलंब चौकोनाला ट्रॅपेझियम न म्हणता ट्रॅपेझॉइड म्हणतात, आणि रेषेच्या समीकरणात आपल्या 'सी'च्या जागी 'बी' असतो. गोंधळू नये, गणित तेच आहे.

फोटो काढला की सगळ्या पायऱ्यांसकट उत्तर देणारी अ‍ॅप वापरू द्यावीत का?

फोटोमॅथ हे त्यातलं जुनं आणि गाजलेलं. २०१४ मध्ये क्रोएशियात सुरू झालं, आता गुगलकडे आहे. गुगल लेन्सही हेच काम करतं. बंदी घालून उपयोग नाही, कारण मूल तुमच्या फोनवर नाही तर मित्राच्या फोनवर बघणार.

मी वर्गात सांगते ते असं: गणित सोडवून झालं, उत्तरसूचीशी पडताळलं, जुळलं नाही, चूक शोधली, सापडली नाही, तर मग फोटो काढा. त्यातही सगळं वाचायचं नाही. आपल्या पायऱ्या आणि अ‍ॅपच्या पायऱ्या शेजारी ठेवून पहिला फरक कुठे पडतो तेवढंच शोधायचं आणि फोन पालथा ठेवून तिथून पुढे स्वतः करायचं.

आता एक उदाहरण नीट बघू. दहावीचा प्रश्न: क्ष² + ८क्ष − ४८ = ० हे समीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा.

फोटो काढला की अ‍ॅप बहुतेक वेळा सोपा रस्ता धरतं. (क्ष + १२)(क्ष − ४) = ०, म्हणून क्ष = −१२ किंवा क्ष = ४. उत्तर शंभर टक्के बरोबर. आणि पेपरात असं लिहिलं तर गुण गेले, कारण प्रश्नातच पद्धत सांगितली आहे. अपेक्षित होतं ते हे: ४८ पलीकडे नेले, क्ष² + ८क्ष = ४८. आठाचा निम्मा चार, त्याचा वर्ग १६, तो दोन्ही बाजूंत मिळवला. (क्ष + ४)² = ६४. म्हणून क्ष + ४ = ८ किंवा क्ष + ४ = −८. तिथून ४ आणि −१२.

काही अ‍ॅपमध्ये "दुसरी पद्धत दाखवा" अशी सोय असते. पण ती दाबायची हे सुचायला आधी प्रश्न नीट वाचलेला असावा लागतो, आणि फोटो काढणारं मूल प्रश्न वाचतच नाही. या अ‍ॅपचा माझ्या मते खरा तोटा हा आहे. नक्कल वगैरे नंतरची गोष्ट.

अ‍ॅपचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर जुळत नाही. कोणाचं खरं?

बहुतेक वेळा दोघांचंही. नेहमीची कारणं अशी.

रूप वेगळं असतं. सहावीच्या मुलाने २ पूर्णांक १/३ आणि १ पूर्णांक ३/४ यांची बेरीज विचारली की अ‍ॅप ४९/१२ किंवा ४.०८३ दाखवतं. पुस्तकात ४ पूर्णांक १/१२. तिन्ही एकच. तसंच ३/√५ चं अ‍ॅपने १.३४ केलं म्हणून ते उतरवायचं नाही, आपल्याला छेदाचं परिमेयीकरण करून ३√५/५ हवं असतं.

पाय, म्हणजे π. त्रिज्या ७ सेमी असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पुस्तकात १५४ चौसेमी, फोनवर १५३.९४. पुस्तक २२/७ घेतं, फोन पायची खरी किंमत घेतो. प्रश्नात दिलेली किंमतच घ्यायची.

आणि "चे". यावर घराघरांत भांडणं झाली आहेत. उदाहरण: २४ ÷ ४ चे १/२. आपल्या कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) प्रमाणे कंसानंतर लगेच "चे" येतो. ४ चे १/२ म्हणजे २, आणि २४ ÷ २ = १२. मूल फोनवर "चे"च्या जागी गुणाकाराचं चिन्ह टाकतं. फोन डावीकडून जातो: २४ ÷ ४ = ६, ६ × १/२ = ३. पुस्तक म्हणतं १२, फोन म्हणतो ३, बाबा म्हणतात पुस्तकात छपाईची चूक आहे. फोनला "चे" माहीत नाही, त्याला कंस घालून सांगावं लागतं: २४ ÷ (४ × १/२).

जाता जाता, कंचेभागुबेव हे अक्षरशः घेतल्यानेही चुका होतात. १० − ४ + ३ मध्ये बेरीज आधी येते म्हणून ४ + ३ = ७ आणि १० − ७ = ३ असं करणारी मुलं दर तुकडीत असतात. बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीतल्या, डावीकडून येईल ती आधी. उत्तर ९. इथे मात्र फोन बरोबर असतो, आणि फोनचं उत्तर बघून आपली चूक कळणं हा त्याचा चांगला उपयोग.

चॅटजीपीटी किंवा तसल्या एआयला विचारलेलं चालतं का?

चालतं, पण प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. "हे गणित सोडव" म्हटलं की ते सोडवून मोकळं होतं. त्याऐवजी असं लिहा:

"मी महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत आहे. खाली गणित आणि माझ्या पायऱ्या दिल्या आहेत. उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चूक कोणत्या पायरीत आहे तेवढंच सांग. मी दुरुस्त करून पाठवतो."

मराठीत लिहिलं तरी कळतं. सेमीच्या मुलांनी गणित इंग्रजीत आणि बोलणं मराठीत ठेवलं तरी चालतं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, ते असलं की संभाषण एका प्रश्नावर संपत नाही.

आता त्याच्या चुका. सरळ आकडेमोड आजकाल बरीच नीट जमते. घसरण होते ती भाषेत आणि आकृतीत. श्रेढीतला नेहमीचा प्रश्न घ्या: १ आणि १४० यांच्या दरम्यान ४ ने भाग जाणाऱ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज. दरम्यान म्हणजे टोकं वगळून. ४ पासून १३६ पर्यंत ३४ पदं, बेरीज ३४/२ × (४ + १३६) = २३८०. पण १४० लाही ४ ने भाग जातो. तो कोणी आत धरला की पदं ३५ होतात आणि उत्तर २५२० येतं. दोन्ही सोडवणुकी दिसायला सारख्याच सुबक, सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर चूक. एआय ज्या ठाम सुरात बरोबर उत्तर देतं त्याच सुरात हे चूक उत्तरही देतं, हे मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवायला हवं.

भूमितीत वर्तुळाची आकृती फोटोतून दिली तर केंद्रातून न जाणाऱ्या जीवेला व्यास समजून पुढची सगळी सिद्धता रचली जाऊ शकते. म्हणून आकृतीबरोबर पक्ष, म्हणजे दिलेली माहिती, शब्दांत लिहून द्यायचा.

यावर उपाय जुनाच आहे, ताळा. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून बघायची. डावी बाजू उजवीबरोबर आली की झालं, मग ते उत्तर कोणीही दिलेलं असो.

वयाचं विचारतात म्हणून सांगते: चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचं नसतं आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. शाळेचं नाव, पूर्ण नाव, फोटो असलं काही त्यात टाकू देऊ नका.

भूमितीसाठी काही वेगळं आहे का?

आहे, आणि माझ्या मते ऑनलाइन गणितात सगळ्यात मोलाचं तेच आहे: जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये याची सुरुवात केली. फुकट आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं.

अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घ्या. फळ्यावर मी एक आकृती काढते, मुलं ती उतरवतात, सिद्धता पाठ करतात. जिओजेब्रात वर्तुळ काढायचं, त्यावर अ आणि ब हे बिंदू ठेवायचे, तिसरा बिंदू क घ्यायचा, क पाशी होणारा कोन मोजायला सांगायचा. आता बोटाने क वर्तुळावरून सरकवा. कोनाचं माप हलत नाही. क आणखी पुढे न्या, ब ओलांडून पलीकडच्या कंसावर गेला की आकडा एकदम बदलतो, आणि जुना-नवा मिळून १८०° होतात. चक्रीय चौकोनाचं प्रमेय पुढे येतं, ते इथे न शिकवता दिसून जातं. शेवटच्या बाकावरची मुलंही "परत, परत" म्हणतात.

पण लक्षात ठेवा, भौमितिक रचना वहीतच करायच्या, हाताने, कंपासने. अ‍ॅपमध्ये स्पर्शिका एका टिचकीत येते, पेपरात कंपासचे कंस दिसावे लागतात, आणि ते पुसायचे नाहीत. सिद्धतेतही पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही मांडणी अ‍ॅप तुम्हाला देणार नाही.

आलेखांसाठी डेस्मॉस छान आहे. दोन रेषीय समीकरणं टाका, छेदनबिंदूवर बोट ठेवा, उकल समोर. आलेखाच्या कागदावर काढलेलं पडताळायला उत्तम.

आम्हालाच गणित येत नाही. मुलाला मदत काय करणार?

गणित न येणाऱ्या पालकाला एक फायदा असतो, तो उत्तर सांगूच शकत नाही! मुलाला म्हणा, "मला समजावून सांग." बघितलेला व्हिडिओ बंद करून तेच गणित आईला समजावता आलं तर ते समजलं. मध्येच "म्हणजे ते असं असतं ना..." असं करत अडखळला तर तिथेच परत व्हिडिओ लावायचा. एवढं भांडी घासता घासताही जमतं.

घरात एकच स्मार्टफोन, तोही बाबा कामावरून आल्यावर. नेटही जेमतेम.

मग फोनची वेळ येईपर्यंत अडलेल्या गणितांची यादी करून ठेवायची. पान नंबर, सरावसंच, कितवं गणित, कुठे अडलं. फोन हातात आला की थेट तेवढंच. खरं सांगायचं तर दिवसभर फोन हाताशी असणाऱ्यांपेक्षा ही मुलं त्याचा वापर नेमका करतात.

शाळेच्या किंवा शेजारच्या वाय-फायवर असताना पुस्तकाची पीडीएफ आणि दीक्षावरचे पाठ उतरवून ठेवता येतात, मग नेट लागत नाही. व्हिडिओ कमी दर्जावर लावला तरी फळ्यावरचे आकडे दिसतात.

अर्थनियोजनातले जीएसटीचे दर आणि बातम्यांतले दर वेगळे आहेत. कोणते घ्यायचे?

प्रश्नात दिलेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, मुख्यतः ५ आणि १८ उरले. पुस्तकातली उदाहरणं जुन्या दरांची आहेत. एआयला विचारलं तर ते कधी "आता हा दर लागू नाही" असं शहाणपण शिकवतं. दुर्लक्ष करा. १२ टक्के दिले असतील तर केंद्राचा ६, राज्याचा ६, आणि पुढे चला.

पाढे पाठ करून घेणारी गेमची अ‍ॅप कशी?

पाढे येत असतील तर वेग वाढवायला बरी. येत नसतील तर मूल अंदाजाने बोटं मारतं. पाढे तोंडानेच.

पैसे भरून ऑनलाइन कोर्स घ्यावा का?

फुकटचं वापरून झाल्याशिवाय नाही. विक्रेता घरी येऊन मुलाची "चाचणी" घेतो, मूल किती मागे आहे हे आईबापांना घाबरवून सांगतो आणि वर्षाचे पैसे हप्त्यांत बांधतो, हा प्रकार आता सगळ्यांनी बघितला आहे. हप्ता म्हणजे कर्ज, सही करण्याआधी कोणत्या वित्तसंस्थेचं आहे, रद्द कसं करायचं हे लेखी मागा. आणि आधी महिनाभर बघा, फुकटचे व्हिडिओ मूल स्वतःहून उघडतं का. ते उघडत नसेल तर विकतचेही उघडणार नाही.

नात अमेरिकेत आहे. व्हिडिओ कॉलवर शिकवायला जातो तर म्हणते, "आजोबा, असं नाही करायचं."

तिथे गुणाकार अनेकदा चौकटीने शिकवतात. २३ × १४ साठी चौकोनाचे चार भाग करायचे: २० × १० = २००, २० × ४ = ८०, ३ × १० = ३०, ३ × ४ = १२. बेरीज ३२२. तुम्ही उभा गुणाकार करून ३२२ आणलेत, तिने असं आणलं. बारकाईने बघितलंत तर हा आपल्या सातवीतला दोन द्विपदींचा गुणाकारच आहे, तिला तो तिसरी-चौथीत भेटतोय.

आधी तिला तिची पद्धत तुम्हाला शिकवू द्या. मग तुमची दाखवा, आणि दोन्हींची उत्तरं जुळतात हे तिलाच शोधू द्या. पावकी, निमकी, सव्वाकी येत असेल तर तीही म्हणून दाखवा. अर्ध्या मिनिटात "सोळा सव्वा वीस" कसं निघतं हे तिच्या कोणत्याच अ‍ॅपमध्ये नाही. मोठ्या संख्या लिहिताना मात्र स्वल्पविराम तिच्याच पद्धतीने द्या. आपले १,००,००० तिथे १००,००० असे लिहितात.

मुलगी पुढे आहे, गृहपाठ पंधरा मिनिटांत संपतो. तिला काय द्यावं?

पुढच्या इयत्तेचं पुस्तक देऊ नका, त्याने पुढच्या वर्षी वर्गात कंटाळेल. तिला ६१७४ द्या. देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ही संख्या. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. उत्तरावर परत तेच. ३५२४ घेऊ: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि आता ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४. तिथून बाहेर पडता येत नाही. तीन अंकी संख्यांचं काय होतं, पाच अंकी संख्यांचं काय होतं, हे तिला स्वतः करून मग नेटवर शोधू द्या. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तकं आणि कागदाच्या घड्यांतून गणित दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत.

(मुलांकडून) नेटवरून उतरवलेलं बाईंना कळतं का?

कळतं. तू कधी "समजा" लिहीत नाहीस आणि आज लिहिलंस. शिवाय न शिकवलेल्या पद्धतीने सोडवलंस, आणि खाडाखोड एकही नाही.

(मुलांकडून) सगळं बघूनही अडलं. बाईंना मेसेज कसा करू?

"गणित येत नाही" एवढंच लिहू नकोस. असं लिही:

"बाई, सरावसंच २.३, पहिलं गणित. पूर्ण वर्ग पद्धत. क्ष चा सहगुणक विषम आहे, त्याचा निम्मा करून वर्ग केला की अपूर्णांक येतो. तो दोन्ही बाजूंत मिळवला, पण उजव्या बाजूला समच्छेद करताना उत्तरसूचीपेक्षा वेगळं येतंय. वहीचा फोटो जोडला आहे."

वहीचा फोटो जोड, स्क्रीनशॉट नको. आणि रात्री दहाच्या आत पाठव.